आईचं बी-१२ आलंय ११८. नुसत्या जेवणाने भरून निघेल का?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचते आहे, आज लिहायची वेळ आली.

माझी आई ६७ वर्षांची, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. सहा-सात महिने तळपायांना मुंग्या येतात, रात्री पाय जळजळतात म्हणून थंड फरशीवर टेकवून बसते. गेल्या महिन्यात रात्री अंधारात बाथरूमला जाताना तोल गेला. नशीब, दाराची कडी हाताला लागली. तपासण्या केल्या. बी-१२ ११८ (प्रयोगशाळेच्या कागदावर २००च्या वर हवं म्हणतात), डी जीवनसत्त्व ११, हिमोग्लोबिन १०.४. डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं आणि डीचे आठवड्याचे सॅशे लिहून दिलेत.

आई इंजेक्शनं घ्यायला तयार नाही. "आपल्या घराण्यात कुणी मटण-मासे खाल्ले नाहीत, सगळे नव्वदीपर्यंत जगले. दोन पेले दूध जास्त घेईन." मला तिचं म्हणणं अगदीच खोडूनही काढता येत नाही.

तर प्रश्न दोन. एक, हे आहारातून भरून निघेल का? दोन, आधीच्या पिढ्यांना हे होत नव्हतं, की होत होतं आणि कुणी मोजत नव्हतं? तुमच्या घरचे अनुभव सांगा.

कोकणमेवा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या मालवणात तिसऱ्यांच्या (म्हणजे शिंपल्यांच्या) एकशिपीत सापडेल. बी-१२ म्हणाल तर तिसऱ्यांसारखं दुसरं काही नाही. काकूंना घेऊन या, वास लागला की विचार बदलेल :)

शब्दवेडी

कोकणमेवा, ६७ वर्षांच्या माउलीला बाटवायला निघालात की हो!

रानजाई, माझ्या सासूबाईंचं अगदी हेच. इंजेक्शनं घेतली, दीड-दोन महिन्यांत जळजळ पुष्कळ कमी झाली. काकूंना थांबायला सांगू नकोस.

नाडीपरीक्षा

मी फिजिशियन आहे, पुण्यात. तुमच्या आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे औषधाचा डोस त्यांचेच डॉक्टर ठरवतील. पण "आहारातून होईल का" हा प्रश्न रोज ओपीडीत येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बी-१२ कुठलीच वनस्पती तयार करत नाही आणि कुठला प्राणीही नाही. ते फक्त जिवाणू बनवतात. गाय-म्हैस-शेळीच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, तिथून ते दुधात आणि मांसात येतं. म्हणजे शाकाहारी माणसाचा एकमेव खात्रीचा मार्ग दूध-दही-ताक. दोन मोठे पेले दुधातून साधारण दीड ते दोन मायक्रोग्रॅम मिळतं. आपल्याकडे प्रौढांसाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅमची शिफारस आहे. ज्याचं बी-१२ चांगलं आहे त्याला ते टिकवायला दूध उपयोगी पडतं. पण ११८वर आलेली, पायांत मुंग्या सुरू झालेली व्यक्ती त्यावर वर येत नाही.

याचं कारण पोटात आहे. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सोडवायला जठरातलं आम्ल लागतं. मग जठरातूनच पाझरणारं एक प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतं आणि तिथे ते शोषलं जातं. वयाबरोबर आम्ल कमी होतं. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं आणखी कमी होतं. शिवाय ही वाहतूक एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या पुढे जात नाही. गोळीत मात्र १००० मायक्रोग्रॅम असतं, त्यातलं सुमारे एक टक्का या वाहतुकीशिवाय आपोआप आत जातं, म्हणून गोळीही चालते. नसांची लक्षणं दिसत असतील तेव्हा आम्ही इंजेक्शनने सुरुवात करतो. वाट पाहण्यात नसांचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

आई मधुमेहाची मेटफॉर्मिन घेतात का? पित्ताची गोळी?

रानजाई

डॉक्टर, मनापासून आभार. हो, मेटफॉर्मिन नऊ वर्षं. पित्ताची गोळीही सकाळी उठल्या उठल्या, चारेक वर्षं. "सवयीची" म्हणून घेते. आणि दूध म्हणाल तर चहातलं तेवढंच.

नाडीपरीक्षा

मग कोडं बरंचसं सुटलं. मेटफॉर्मिनने बी-१२चं शोषण कमी होतं. म्हणून ती बंद करायची नसते, अधूनमधून बी-१२ मोजत राहायचं. पित्ताची गोळी अजून लागते का, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

सह्यकडा

मला हे सगळं जरा जास्तच वाटतं. पूर्वी माणसं शेतात राबायची, भाकरी-ठेचा खायची, कुणी डी आणि बी मोजलं नाही. आता चाळीस तपासण्यांचं पॅकेज घेतलं की दहा ठिकाणी लाल अक्षरं येणारच. मग गोळ्या. माझा तपासणीला विरोध नाही, पण ज्याला काही होत नाही त्यानेही दर सहा महिन्यांनी सगळं मोजायचं, हे मला पटत नाही.

काचनळी

सह्यकडा, मी १४ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आहे आणि तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. लक्षण नाही, वय नाही, औषध नाही, तरी दर सहा महिन्यांनी मोजणं म्हणजे पैसे वाया. पण रानजाईच्या आईला लक्षणं आहेत, हा फरक.

माझ्याकडून एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देताना सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि इतरही काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. एका मुलीचा थायरॉइड रिपोर्ट पाहून घरचे हवालदिल झाले होते. गोळ्या थांबवून चार दिवसांनी परत रक्त घेतलं, सगळं नॉर्मल. आम्ही विचारतो "काही औषध चालू आहे का", लोक "नाही" म्हणतात. व्हिटॅमिन म्हणजे औषध असं कुणाला वाटतच नाही.

देशस्थ_पुणे

शाकाहारी लोक उगाच हट्ट करतात. एक अंडं खाल्लं तर काय होतं?

तुळशीवृंदावन

आणि मांसाहार करणाऱ्यांना काहीच कमतरता नसतात वाटतं? प्रत्येक धाग्यावर शाकाहाराला झोडपायचं हा काय प्रकार आहे?

संपादक मंडळ

कृपया धागा शाकाहार-मांसाहाराच्या वादाकडे नेऊ नये. एका आईच्या तब्येतीबद्दल प्रश्न आहे.

गिरणगाव

संपादकांचे आभार. वाद थंड करायला एक जुनी गोष्ट सांगतो, आमच्या परळची.

ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत बसून त्या गरोदर बायांचा पंडुरोग तपासत होत्या. त्यांत कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बाया होत्या. हा पंडुरोग लोहाच्या कमतरतेचा नव्हता. रक्तातल्या तांबड्या पेशी लहान होण्याऐवजी फुगलेल्या दिसत होत्या. असे रोगी तेव्हा यकृताच्या अर्काने बरे व्हायचे. पण बाईंच्या ध्यानात आलं की शुद्ध केलेल्या अर्काने या बायांना गुण येत नाही, साध्या कच्च्या अर्काने येतो. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी निघून जात होतं. शेवटी इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या यीस्टच्या स्वस्त अर्काने बाया बऱ्या झाल्या. हे १९३१ साली छापून आलं. तो पदार्थ पुढे १९४१मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, तेच फॉलिक ॲसिड. लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान.

आज प्रत्येक गरोदर बाईला जी गोळी मिळते तिचं मूळ आमच्या वस्तीत आहे. माझी आजी त्याच काळात गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होती. तिची दोन बाळं गेली होती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

शब्दवेडी

गिरणगाव, अंगावर काटा आला. यावर वेगळा लेख लिहा, हट्टाने मागते आहे.

नाडीपरीक्षा

गिरणगावकरांनी फॉलिक ॲसिडचा विषय काढला ते बरं झालं, त्याचा इथे थेट संबंध आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन चढतं, आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. रिपोर्ट छान दिसतो म्हणून सगळे निर्धास्त.

पुण्यातलंच काम सांगतो. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जवळपास दोन तृतीयांश बायांचं बी-१२ कमी निघालं. फोलेट (म्हणजे अन्नातलं फॉलिक ॲसिड) मात्र जवळजवळ सगळ्यांचं पुरेसं, कारण पालेभाजी, डाळी आपण खातोच. आणि ज्या आयांचं बी-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त आढळलं.

म्हणून रानजाईताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : होत होतं, मोजत नव्हतो.

खानदेशी_ठेचा

हिमोग्लोबिन १०.४वर कुणी बोललंच नाही, म्हणून मी. बाईमाणसाच्या ताटात लोह असतं, पण अंगी लागत नाही ही खरी गोम आहे. भाकरी, डाळ, मेथी सगळं खाल्लं आणि वर लगेच कपभर चहा. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. जेवण आणि चहा यात तासभर तरी अंतर ठेवा. जेवणात लिंबू पिळा, पेरू-आवळा खा. क जीवनसत्त्वाने भाजीतलं लोह चांगलं शोषलं जातं. आमची आई मटकीच्या उसळीवर लिंबू पिळल्याशिवाय ताट पुढे करायची नाही. मोड आणल्यानेही धान्यातले लोह अडवणारे घटक कमी होतात. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि बीट! लाल आहे म्हणून रक्त वाढवतं हा समज काढून टाका. खा हवं तर, पण त्यात लोह फारसं नाही. त्यापेक्षा बाळंतिणीला देतात ते अळीव बघा. किंवा लोखंडी कढईत आमसूल-चिंच घातलेली आमटी करा. आंबटाने कढईचं लोह उतरतं. काळपट दिसते, पण चवीला उत्तम.

बाजरीही आता लोह जास्त असलेली आली आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही पीक-संशोधन संस्था यांनी मिळून काढलेलं 'धनशक्ती' वाण. आपल्याच राज्यातल्या शाळकरी मुलामुलींना अशा बाजरीची भाकरी देऊन पाहिली, तर चारेक महिन्यांत लोहाचा साठा वाढला होता.

पाटीपेन्सिल

मी आश्रमशाळेत शिक्षिका आहे, नंदुरबार जिल्ह्यात. आमच्याकडे आठवड्याला निळी गोळी वाटतो, किशोरवयीन मुलामुलींसाठी. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. लहानांची गुलाबी, गरोदर बायांची लाल.

पहिल्या वर्षी कंपाउंडच्या मागे झुडपात निळ्याच निळ्या गोळ्या सापडल्या. रागावण्याआधी मुलींना जवळ बसवून विचारलं. मळमळतं, आणि शौचाला काळं होतं म्हणून भीती वाटते, असं एकीने हळूच सांगितलं. आम्ही कुणी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं की काळं होणं साहजिक आहे! तेव्हापासून गोळी जेवणानंतरच, समोर बसून, आणि पहिल्या दिवशी सगळं उघड सांगून. मीही त्यांच्यासमोर घेते. आता गोळ्या झुडपात सापडत नाहीत.

आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ. त्यामुळे दमलेली, पांढरीफटक मुलगी दिसली की "लोह दे" एवढ्यावर आम्ही थांबत नाही, आधी तपासणीला पाठवतो.

नाडीपरीक्षा

पाटीपेन्सिल, हा मुद्दा फार मोलाचा. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी असं नसतं. सिकलसेल, थॅलेसेमियाचा वाहक असणं, बी-१२, मूळव्याधीतून रक्त जाणं, काहीही असू शकतं. उतारवयात लोह कमी निघालं तर रक्त कुठून जातंय ते शोधावंच लागतं. रानजाईताई, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी, केली नसेल तर विचारा.

हडसनकाठ

इकडे अमेरिकेत दुधात डी घालूनच मिळतं, तरी आम्हा देशी लोकांचं कमीच निघतं. हिवाळ्यात चार महिने कातडीला ऊन लागत नाही. पण मला कळत नाही, भारतात एवढं ऊन असताना डी कमी का? आईला सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसवलं तर पुरे ना?

काचनळी

हडसनकाठ, हा सगळ्यांचाच समज. डी तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात फार थोडे असतात. सूर्य वर आला की, साधारण ११ ते ३मध्ये, ते पोचतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली की समजायचं. खिडकीच्या काचेतून तर ते येतच नाहीत. त्यात आपली त्वचा सावळी, म्हणून वेळ जास्त लागतो, आणि आपण त्याच वेळी छत्री, ओढणी, सनकोट घेऊन सावली शोधतो. शहरात फ्लॅट ते रिक्षा ते ऑफिस.

वरणभात

डीचा विषय आलाय तर कृपा करून हे सगळ्यांनी वाचा.

माझ्या सासऱ्यांना गुडघेदुखीसाठी ६०,००० युनिटचे सॅशे दिले होते, आठवड्यातून एक. त्यांनी रोज एक घेतला, दुधातून, दीड महिना. "ताकदीचं आहे" म्हणून. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नव्हतं, आणि दुकानातून एकदम मोठं खोकं मिळालं. आम्ही सगळे एकाच घरात राहतो आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. मग उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, आणि एक दिवस मला ओळखेनात. रक्तातलं कॅल्शियम १३.८, फारच चढलेलं. आठ दिवस रुग्णालयात सलाइन, मूत्रपिंडावर ताण आला तो वेगळा. डी चरबीत साठून राहतं, त्यामुळे घेणं थांबवल्यावरही ते लगेच उतरत नाही. पूर्ण सावरायला तीन महिने गेले.

बी आणि क जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. अ आणि डी तसं जात नाही. आता आमच्या फ्रिजवर कॅलेंडर आहे, रविवारी सॅशे, घेतला की खूण.

रानजाई

वरणभात, हे वाचून आधी उठले आणि आईच्या सॅशेंच्या खोक्यावर मार्करने 'फक्त रविवार' लिहिलं. खरंच आभार.

सह्यकडा

वरणभात यांचा अनुभव वाचला, काळजाचा ठोका चुकला. माझं मूळ म्हणणं मात्र तेच : मोजून, विचारून घ्या, नाहीतर घेऊ नका. आणि काचनळीताई, आठवडाभर भर दुपारी गच्चीत वाळवण राखायला मीच बसतोय.

काचनळी

डोक्यावर टोपी ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी सावलीत या, पापड बाकीचे सांभाळतील :)

मीठभाकर

जरासं अवांतर. "नैसर्गिक" म्हणून आम्ही दोन वर्षं घरात फक्त सैंधव वापरलं. सैंधवात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं, हे सूनबाईला दिवस गेले तेव्हा तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं. त्याच संध्याकाळी साधं आयोडीनयुक्त मीठ आणलं. सैंधव आता उपासापुरतं.

तुळशीवृंदावन

मीही शाकाहारीच आहे आणि राहणार. पण हा धागा वाचून बी-१२ तपासलं, १६० आलं. गोळी सुरू केली. ती जिवाणूंपासूनच बनते असं कळलं, त्यामुळे मनाला काही खटकलं नाही. रानजाई, आईंना हे सांगून बघा.

इडली-ढोकळ्यातून, स्पिरुलिनातून बी-१२ मिळतं असं मी आजवर सगळ्यांना सांगत होते. डॉक्टर, ते खरं की खोटं?

नाडीपरीक्षा

आंबवलेल्या पिठावर भिस्त ठेवू नका. स्पिरुलिनात असतं ते बी-१२सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला न चालणारं रूप. चाचणीत चकवतं, कामाला येत नाही.

रानजाई

अडीच महिन्यांनी परत आले. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, तेव्हा पुढचं सांगायलाच हवं.

आई तयार झाली ती तुळशीवृंदावन यांच्या वाक्यावर. "जिवाणू म्हणजे दह्यातल्या विरजणासारखेच ना? मग चालेल." इंजेक्शनं झाली, आता रोजची गोळी आहे. पित्ताची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. फेरिटिन कमी निघालं, पण रक्त कुठून जात नाही ना तेही तपासलं, सुदैवाने नाही. लोहाची गोळी आहे, आणि जेवणानंतरचा चहा साडेतीनवर गेला. यावर सगळ्यांत जास्त कुरकूर झाली.

रात्रीची जळजळ जवळजवळ गेली. मुंग्या उजव्या पायाच्या बोटांत अजून आहेत. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, आणि उशीर झालाय तेवढं कदाचित राहीलही.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आईनेच दिलं. परवा इंजेक्शनच्या कागदावरची लक्षणं मी तिला वाचून दाखवत होते. ऐकता ऐकता म्हणाली, "तुझी आजीसुद्धा स्वयंपाकघरातून ओसरीवर यायची ती भिंत धरूनच. आणि रात्री पाय ओल्या फडक्यात गुंडाळायची. आम्ही वात म्हणायचो." आजी नव्वद वर्षं जगली, ते खरं. शेवटची आठ-दहा वर्षं अंगणात उतरली नव्हती, हे मात्र घरात कुणी कधी बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात मावशीला तपासणीला नेते आहे. तीही मेटफॉर्मिनवर आहे. काचनळीताई, उपाशीपोटी न्यावं लागेल का?

काचनळी

बी-१२ची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर आधी सांगा, नाहीतर आकडा फुगलेला येतो. साखर बघायची असेल तर उपाशीपोटी. तिची सकाळची मधुमेहाची गोळी रक्त दिल्यावर, नाश्त्याबरोबर. आणि येताना डब्यात काहीतरी खायला घ्या, रांगेत वेळ जातो.